पडण्याचे निमित्त

घरातील वृद्ध स्त्री न्हाणीघरात अथवा देवघराच्या उंबऱ्यापाशी पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले, ही वार्ता आप्तेष्टांत ज्या रीतीने सांगितली जाते, ती रीत कोकणात काय किंवा वऱ्हाडात काय, बहुधा एकसारखीच असते: फरशी ओली होती, पातळाचा काठ पायात आला, दिवा लावायचा कंटाळा केला, कितीदा सांगितले होते की रात्री एकटीने उठू नकोस. सांगणारा आणि ऐकणारा असे दोघेही कार्यकारणाचा निवाडा तेवढ्यावरच करतात आणि सारा दोष त्या फरशीच्या माथी मारून मोकळे होतात. वस्तुतः त्याच फरशीवर घरातला नातूही कधीतरी घसरलेला असतो, घटकाभर रडून पुन्हा धावत सुटलेला असतो, आणि त्याची वार्ता मात्र कोणी कोणाला कळवीत नाही. उभ्या उंचीवरून खाली येण्याने निरोगी प्रौढ मनुष्याचे हाड सहसा मोडत नाही. ते मोडले, तर मोडण्याची सिद्धता आधीच झालेली होती असे वैद्यकशास्त्र मानते, आणि अशा अस्थिभंगाची नोंद अपघाताच्या सदरात न करता एका रोगाचे लक्षण म्हणून करते. हा रोग म्हणजे अस्थिसुषिरता, डॉक्टरांच्या भाषेत ऑस्टिओपोरोसिस. पडणे हे त्याचे केवळ निमित्त. कारण शोधायचे तर त्या बाईच्या आयुष्यात पंचवीस, तीस, कधी साठ वर्षे मागे जावे लागते.

या रोगाचा मोठा दुर्गुण असा, की तो दुखत नाही. गुडघे धरणे, जिना चढताना कळ येणे, सकाळी उठताना सांधे आखडणे ही सांध्यांच्या विकारांची लक्षणे आहेत. हाडे ठिसूळ होण्याशी त्यांचा संबंध नाही, आणि तरीही हे दोन्ही विकार आपल्याकडे 'हाडांची झीज' या एकाच नावाने ओळखले जातात. परिणाम असा होतो की ज्याचे गुडघे दुखतात तो हाडांच्या गोळ्या खात बसतो आणि जिची हाडे खरोखर विरळ होत चालली आहेत ती, काहीच दुखत नाही म्हणून, स्वस्थ असते. पाठीचे मणके दबून मोडतात तेव्हा तरी हे कळावे. पण तसे मोडलेल्या दर तीन मणक्यांपैकी दोन कोणाच्याही लक्षात न येता मोडून जातात. उंची दोन-तीन बोटे कमी होते, पाठीला बाक येतो, पोलकी पुढून लोंबू लागतात, आणि 'वयाने वाकली' असा शेरा मारून घर पुढे चालते.

अस्थिभंगांचा एक ठरावीक क्रमही आहे. पन्नाशीत मनगट, साठीत मणका आणि सत्तरीनंतर खुबा. पन्नाशीतली बाई पडताना सहजप्रेरणेने हात पुढे टाकते आणि सारा भार मनगटावर येतो; सत्तरीपलीकडे ती प्रेरणा मंदावलेली असते, चालही संथ झालेली असते, त्यामुळे शरीर पुढे न झेपावता जागच्या जागी कुशीवर कोसळते आणि आघात सरळ खुब्यावर येतो. मनगटाच्या या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिन येथील शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, निव्वळ बोटांनी चाचपून. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मनगट सहा आठवड्यांत सांधते आणि बाई पोळ्या लाटू लागते. ही पहिली सूचना असते, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात वाया जाते. खुब्याचे तसे नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचवा हिस्सा वर्षभरातच दगावतो आणि जे जगतात त्यांपैकी निम्म्यांना पूर्वीसारखे चालणे परत मिळत नाही. ज्या आजींनी काल वाटणघाटण केले त्यांना आज पाणीसुद्धा दुसऱ्याने द्यावे लागते. जगात पन्नाशी ओलांडलेल्या दर तीन स्त्रियांपैकी एकीला आणि दर पाच पुरुषांपैकी एकाला उरलेल्या आयुष्यात असा एखादा अस्थिभंग होतो.

पूर्वीच्या बायका जात्यावर दळत, आडाचे पाणी शेंदत, म्हणून त्यांची हाडे लोखंडासारखी होती, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. त्यात तथ्यांश नाही असे नाही, पण हा अभिमान थोडा आवरता घेतलेला बरा. देश स्वतंत्र झाला तेव्हा हिंदी मनुष्याचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. बालमृत्यूंमुळे ती जुनी सरासरी फार खाली दिसते हे मान्य केले, तरी सत्तरी गाठणाऱ्या बायका तेव्हा थोड्या होत्या हे खरे, आणि जो रोग सत्तरीत उघडा पडतो तो थोड्यांच्याच वाट्याला येई.

हाड ही निर्जीव वस्तू आहे, शरीराचा भार पेलण्यासाठी एकदा रचून ठेवलेला सांगाडा आहे, असा आपला समज असतो, कारण आपण हाड पाहतो ते बहुधा मेलेल्या प्राण्याचे. जिवंत हाडात रक्तवाहिन्या आहेत, कोशिका आहेत आणि अखंड चालणारे काम आहे. झुरिच येथे १८६६ साली घडलेली एक गोष्ट या संदर्भात प्रसिद्ध आहे. कार्ल कुलमान नावाचा स्थापत्यशास्त्राचा प्राध्यापक, शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी उभा छेद घेतलेले मांडीचे हाड पाहत होता; त्या हाडाच्या वरच्या टोकात, गोलकापासून दांड्यापर्यंत, सूक्ष्म अस्थितंतूंच्या कमानी एकमेकींना छेदीत गेलेल्या त्याला दिसल्या, आणि त्याच्या ध्यानी आले की ओझे उचलणाऱ्या यारीतील ताण व दाब यांच्या रेषा कागदावर काढाव्यात, त्या नेमक्या अशाच येतात. जेथे भार पडतो तेथे हाड दाट होते, जेथे पडत नाही तेथे ते विरते. पुढे युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली याला नियमाचे रूप दिले. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हाताहून जाड असते; उलट अंतराळवीर भारहीन अवस्थेत राहतात, तेव्हा खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांतून दर महिन्याला एक ते दीड टक्का अस्थिद्रव्य नाहीसे होते. मनगटाचे टोक, मणके आणि खुबा हीच स्थाने आधी का मोडतात, याचाही उलगडा येथे होतो: आतून जाळीदार अस्थीची रचना या ठिकाणी अधिक असते, आणि जाळीचे तंतू एकदा तुटले की परत जुळत नाहीत.

हे घडणे-मोडणे दोन प्रकारच्या कोशिकांच्या हाती असते. अस्थिभंजक कोशिका जुने हाड विरघळवून एक लहानशी खोबण करतात, हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते. मग अस्थिजनक कोशिका येऊन ती खोबण नव्या द्रव्याने भरतात, आणि त्याला तीन-चार महिने लागतात. मोडण्याचा वेग भरण्याच्या वेगाहून इतका अधिक आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची सारी आपत्ती त्या अंतरातूनच येते. या रीतीने प्रौढ शरीरातील अस्थींचा सुमारे दशांश भाग दरवर्षी नवा होत असतो. शरीराला इतका खटाटोप का करावा लागतो? एक तर हाडाला रोज पडणाऱ्या सूक्ष्म तडांची दुरुस्ती व्हावी लागते. दुसरे कारण राज्यकारभाराशी अधिक जुळणारे आहे. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते, आणि रक्तात त्याचा जो अल्पसा अंश असतो तो मात्र नेमका तितकाच राहावा लागतो. तो घसरला तर स्नायूंना पेटके येतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून हाडे हा खजिना आणि गळ्यातील परावटू ग्रंथी ही त्याची खजिनदार. रक्तात तूट दिसताच ती हुकूम सोडते आणि खजिन्यातून उचल होते. आहारातून भरणा झाला तर रक्कम परत जमा होते. भरणा होत नसेल तरी उचल थांबत नाही, कारण रोजचा खर्च तहकूब ठेवण्याची मुभा या कारभारात नाही. खजिना रिता होत चालला आहे याची वर्दीही कोणाला मिळत नाही. रक्तातील कॅल्शियम तपासले तर ते यथास्थित असते, आणि 'कॅल्शियम नॉर्मल आले' म्हणून रोगी आनंदाने घरी जातो.

या कारभारावर अस्थिभंजक कोशिकांना आवरून धरणारा एक अंमल असतो, तो ईस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाचा. ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे मांडली ती बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील फुलर ऑलब्राइट यांनी, १९४१ साली. मणके दबलेल्या, पासष्टीच्या आतील रोग्यांची टिपणे पुढे मांडल्यावर त्यांना दिसले की त्यांतील बहुतेक सर्व रजोनिवृत्त स्त्रिया आहेत, आणि शस्त्रक्रियेने बीजकोश काढून टाकल्यामुळे ज्यांची पाळी अकाली गेली अशांचा भरणा त्यांत डोळ्यांत भरण्याजोगा आहे. आज त्या निरीक्षणामागची यंत्रणा कळली आहे: ईस्ट्रोजेन सरले की अस्थिभंजकांना जागे करणारी रासायनिक आज्ञा मोकळी सुटते, एकाच वेळी असंख्य खोबणी पडू लागतात आणि भरणारे हात पुरे पडत नाहीत. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाचसात वर्षांत स्त्रीचे अस्थिद्रव्य वीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. पाश्चात्त्य स्त्रीची पाळी सरासरीने ५१ व्या वर्षाच्या सुमारास जाते, भारतीय स्त्रीची ४६-४७ व्या वर्षी. म्हणजे ही उतरण आपल्याकडे चारपाच वर्षे आधीच सुरू होते.

आणि काही जणींची त्याहूनही आधी. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बरीच वाच्यता झाली, आणि विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने एक समिती नेमली; जिल्ह्यात झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि खाडा झाला की दंड: अशा व्यवहारात दर महिन्याचे चार दिवस आणि पांढरे जाण्यासारखा किरकोळ विकार हीसुद्धा परवडणारी गोष्ट राहत नाही. चर्चा झाली ती शस्त्रक्रियांच्या गरजेची, खर्चाची आणि कोणाच्या सांगण्यावरून त्या झाल्या याची, आणि ती व्हायलाच हवी होती. हाडांचा प्रश्न मात्र मागेच राहिला. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील, तर तिशीतल्या त्या बाईची रजोनिवृत्ती त्याच दिवशी झाली. बीजकोश राखले असतील तरी ते लवकर थकण्याचा संभव वाढतो. ज्यांचे बीजकोश चाळिशीच्या आत काढावे लागतात, त्यांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकाची पूर्ती करावी, असा वैद्यकाचा सर्वमान्य सल्ला आहे. फडावर मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईपर्यंत तो सल्ला कोण पोचविणार? तिची हाडे पन्नाशीतच सत्तरीची होतील, आणि तेव्हाही ती पडली तर दोष फळीलाच दिला जाईल.

रजोनिवृत्तीनंतर सर्वच स्त्रियांनी संप्रेरके घ्यावीत, असा एक काळ अमेरिकेत होता. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड चाचणीने त्याला आळा घातला: खुब्याचे अस्थिभंग त्या उपचाराने कमी झाले हे खरे, पण स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात वाढले. तेव्हापासून केवळ हाडांसाठी उतारवयात संप्रेरके देत नाहीत.

उतरण कोठून सुरू होते याला जितके महत्त्व, तितकेच ती किती उंचीवरून सुरू होते यालाही. मुलीच्या हाडांची सुमारे नव्वद टक्के भरती अठराव्या वर्षापर्यंत होऊन जाते, तिशीनंतर भर पडत नाही. याचा अर्थ असा, की आजीच्या खुब्याचा निर्णय बव्हंशी ती शाळकरी पोर असताना झालेला असतो. त्या वयात घरातले दूध आधी कोणाच्या पेल्यात पडले, शाळेतून आल्यावर मुलगी अंगणात हुंदडली की भांड्यांपाशी बसली, याचा हिशेब साठ वर्षांनी चुकता होतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरविल्याप्रमाणे प्रौढांस रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्त स्त्रीस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पेलाभर दुधात साधारण अडीचशे मिलिग्रॅम मिळते. ज्यांना दूध परवडत नाही किंवा पचत नाही, त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते, म्हणजे दोन भाकऱ्या आणि वाडगाभर आंबील यांत दिवसाची तिहाई निघाली. तिळात ते त्याच वजनाला हजाराहून अधिक असले तरी शंभर ग्रॅम तीळ कोणी खात नाही, आणि सालीसकट खाल्ले तर त्यातले पुष्कळसे अंगी लागत नाही. शेवग्याचा पाला, कोकणात व गोव्यात काट्यांसकट चावून खाल्ली जाणारी सुकट, ही उत्तम साधने. पालकाचा लौकिक मात्र अवाजवी आहे. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला घट्ट धरून बसते. विड्याच्या चुन्यातही कॅल्शियम असते, म्हणून गहूभर चुना दह्यात घालून घेण्याची शिफारस हल्ली फिरत असते. दह्यातच ते मुबलक असता घशाला पोळणारी ही दाहक वस्तू पोटात का घालावी, हे शिफारस करणाऱ्यांनाच ठाऊक.

आतड्यांतून कॅल्शियम शोषून घ्यायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. उष्ण कटिबंधातील या देशात त्याची उणीव पडावी हे विचित्र वाटते. पण मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांतून ती रोज आढळते. सावळ्या त्वचेला ऊन जास्त वेळ लागते, अंगभर कपडे असतात, आणि शहरातील दिवस छपराखाली जातो. त्यात आपली एक समजूत आड येते, ती म्हणजे सकाळचे कोवळे ऊन फार गुणकारी. अतिनील किरणांचा जो भाग हे काम करतो, तो तिरप्या उन्हातून वातावरणातच गाळला जातो, आणि काचेच्या तावदानातून तर मुळीच आत येत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल ते ऊन उपयोगी, अशी ढोबळ खूण धरावी. तसे ऊन हातापायांवर अर्धा तास मिळाले तरी बरेच साधते. उणीव असेल तर आठवड्याला ६० हजार एककांची पुडी काही आठवडे देतात, ते ठीकच. पण 'एकदाच काय ते मोठे इंजेक्शन देऊन टाका' हा जो रोग्यांचा आणि क्वचित डॉक्टरांचाही मोह, तो आवरावा. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना वर्षातून एकदा पाच लाख एककांची मात्रा दिली, त्याच अधिक पडल्या आणि त्यांचीच हाडे अधिक मोडली. ज्यांना उणीव नाही अशा धडधाकट लोकांत या जीवनसत्त्वाच्या रोजच्या गोळीनेही अस्थिभंग घटत नाहीत, हे अमेरिकेतील पंचवीस हजारांहून अधिक माणसांच्या चाचणीने २०२२ साली दाखविले.

हाडाला खाऊ घालण्याइतकेच त्याला राबविणेही अवश्य आहे, हे कुलमानच्या कमानींनी सांगितलेच. चालणे चांगले, जिना चढणे, उकिडवे बसून उठणे, बेताचे वजन उचलणे त्याहून चांगले, पोहणे हृदयाला उत्तम पण हाडांना फारसे उपयोगी नाही, कारण पाणी भार घेते. योगासनांच्या भक्तांनी एक सावधगिरी बाळगावी: मणके आधीच विरळ झालेले असतील तर कमरेतून पुढे वाकण्याचे प्रकार, पश्चिमोत्तानासन, हलासन व तत्सम, वर्ज्य समजावेत, कारण त्या वाकण्याने मणक्याच्या पुढच्या कडेवर जो दाब येतो त्याने तो चेपतो. मागे वाकण्याची सौम्य आसने पाठीचे स्नायू बळकट करतात.

हा विकार केवळ स्त्रियांचा नव्हे. पुरुषांना तो दहाएक वर्षे उशिरा गाठतो, पण खुबा मोडलेल्यांत मरण्याचे प्रमाण पुरुषांचेच अधिक. धूम्रपान, मद्य, आमवात, अवटु ग्रंथीचा अतिरेक, अपस्माराची काही औषधे ही सर्व हाडे पोखरतात. पण त्या सर्वांत वरचढ म्हणजे स्टेरॉइडे. दमा किंवा आमवात यांसाठी ती घ्यावी लागतात तेव्हा डॉक्टर निदान हाडांची तजवीज करू शकतो. आठवडी बाजारात गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत जेव्हा हीच द्रव्ये मिसळलेली असतात, तेव्हा दुखणे चमत्कारासारखे थांबते आणि दोन वर्षांनी मणके बसतात.

निदानासाठी डेक्सा नावाची तपासणी आहे: खुबा आणि कंबर यांतून अत्यल्प क्ष-किरण सोडून घनता मोजतात, आणि निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीहून ती किती खाली आहे हे टी-अंकाने सांगतात. उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याखाली अस्थिसुषिरता, मधली अवस्था सावधगिरीची. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली घालून दिली. उद्यानाच्या फाटकाशी भरणाऱ्या मोफत शिबिरात टाच यंत्रात ठेवून जो कागद हाती देतात, तो निदानाचा दाखला नव्हे. त्यावरून औषधे सुरू करू नयेत आणि निर्धास्तही होऊ नये. शिवाय उभ्या उंचीवरून पडून खुबा किंवा मणका मोडलेला असेल, तर टी-अंक काहीही येवो, रोग सिद्ध झाला असेच धरावे.

उपचारांचा इतिहास रंजक आहे. पाण्याच्या नळांत क्षारांचा थर बसू नये म्हणून पायरोफॉस्फेटसारखी द्रव्ये कारखान्यांत पूर्वापार वापरीत. स्विस संशोधक हर्बर्ट फ्लाइश यांना ते द्रव्य मानवी मूत्रात व रक्तात सापडले, आणि शरीरात नको तेथे चुनखडी जमू न देण्याचे काम तेच करीत असावे असे त्यांनी अनुमान केले. पण औषध म्हणून दिले तर पोटातील विकर त्याचा फडशा पाडी. तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, विकरांना न जुमानणारी त्याचीच भावंडे, बिस्फॉस्फोनेटे, हाती घेतली आणि १९६९ साली ती हाडांचे विरघळणे थांबवितात असे जाहीर केले. ही द्रव्ये हाडाला चिकटून बसतात आणि अस्थिभंजक कोशिकेने ते हाड खाल्ले की तिलाच निकामी करतात. त्यांपैकी अॅलेंड्रोनेटने, आधी मणका मोडलेल्या स्त्रियांत खुब्याचे अस्थिभंग निम्म्यावर आणल्याचे १९९६ साली दिसून आले. गोळी आठवड्यातून एकदाच, पण सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे न होता, चहाही न घेता: या शिस्तीत कसूर झाली तर अन्ननलिका पोळते किंवा औषध वाया जाते. ज्यांना हे जमत नाही त्यांना झोलेड्रॉनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेवाटे देतात.

या औषधांनी जबड्याचे हाड सडते, मांडीचे हाड उलट मोडते, अशा बातम्या वाचून पुष्कळ जण ती सोडून देतात. दोन्ही गोष्टी घडतात, पण अत्यंत विरळा, आणि बहुधा दीर्घकाळ घेतल्यावर. दात काढायचे असतील ते आधी काढून घ्यावेत, मांडीत नवे दुखणे उद्भवले तर सांगावे, आणि पाचेक वर्षांनी औषधास विश्रांती द्यावी की नाही हे डॉक्टरला विचारावे, एवढी दक्षता पुरते. डेनोसुमॅबचे मात्र याच्या उलट आहे. सहा महिन्यांनी घ्यावयाचे हे इंजेक्शन फार प्रभावी, पण त्याचा अंमल हाडात मुरत नाही. मुदत टळली, की दबून राहिलेल्या अस्थिभंजक कोशिका एकदम उसळतात आणि काही रोग्यांचे तीन-तीन, चार-चार मणके एकापाठोपाठ मोडतात. ज्या घरात सहा महिन्यांची तारीख पाळली जाण्याची खात्री नाही, तेथे हे औषध सुरूच करू नये असे माझे मत आहे.

ही सारी औषधे मोडणारा हात धरतात. बांधणारा हात चालविणारी औषधे थोडी आहेत. त्यांतील टेरिपॅराटाइड हे परावटू संप्रेरकाचाच तुकडा. खजिना उपसणारे तेच संप्रेरक रोज एकदा, थोड्या वेळापुरते दिले तर हाड बांधू लागते, हा निसर्गातील एक मौजेचा विरोधाभास. दुसऱ्या औषधाची कथा दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या काही कुटुंबांपासून सुरू होते. या कुटुंबांत अशी माणसे जन्मत, की ज्यांची हाडे वाढतच राहत. जबडा अवजड, कवटी इतकी जाड की मज्जातंतूंच्या वाटा चेपून चेहरा लुळा पडे, कान जात. पण त्यांची हाडे कधी मोडत नसत. २००१ साली त्यांच्यातील दोषी जनुक सापडले: हाड बांधणे पुरे झाले असे सांगणारे स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन या माणसांत तयारच होत नव्हते. त्या प्रथिनाला वर्षभर गप्प बसविणारे रोमोसोझुमॅब हे औषध २०१९ साली मान्यता पावले.

इतकी शस्त्रे हाती असूनही खुबा मोडलेल्या बहुसंख्य रोग्यांना यांतले एकही मिळत नाही, आणि त्याचे कारण औषधांच्या किमतीत जितके आहे तितकेच कामाच्या वाटणीत आहे. शल्यवैद्य सळई किंवा कृत्रिम सांधा बसवितो आणि त्याचे काम तेथे उत्तम रीतीने संपते. फिजिशियन रक्तदाब व साखर पाहतो. ठिसूळपणा कोणाच्याच दप्तरात नोंदला जात नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस यावर साधा तोडगा काढण्यात आला: अस्थिभंग होऊन आलेल्या पन्नाशीपुढील प्रत्येक व्यक्तीची यादी करून तिची घनता मोजणे व औषध सुरू करणे, एवढ्याच कामासाठी एका परिचारिकेची नेमणूक. ही पद्धत आता अनेक देशांत रूढ झाली आहे. आपल्याकडे जेथे अशी व्यवस्था नाही, तेथे ते काम रोग्याच्या मुलाने किंवा सुनेने करावे: घरी सोडण्याचा कागद हाती घेताना, त्यावर हाडांच्या घनतेची तपासणी आणि ठिसूळपणावरचे औषध यांचा उल्लेख आहे का ते पाहावे, नसेल तर विचारावे, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी कोणत्या रात्री उठताना तोल घालवितात तेही विचारून घ्यावे, आणि न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवून घ्यावा. खुबा मोडल्यावर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रॉनिक आम्लाची मात्रा दिलेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळले, असे २००७ सालच्या चाचणीत दिसले आहे.